एका कुंडीची पाच नावं

(इस्लापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



टेबलावरची ही कुंडी बघून काहींना वाटलं असेल, हल्ली पाहुण्यांचा सत्कार हार-नारळाऐवजी कुंडी देऊन करतात, तीच ही. तसं नाही. कुंडी मीच घरून आणली आहे आणि जाताना परत नेणार आहे. (हशा) आजचा विषयच ती आहे.

आत येताना मी पाच-सहा जणांना विचारलं, हे झाड कोणतं? कॉलेजातली पोरं म्हणाली, स्नेक प्लांट. एक ताई म्हणाल्या, ऑक्सिजनचं झाड. एक भाऊ हसत म्हणाले, सासूची जीभ. आणि एक आजोबा म्हणाले, ते बँकेत असतं ना, ते. (हशा) आजोबांचं उत्तर मला सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. त्यांनी झाड जिथे पाहिलं तेवढंच सांगितलं.

इतिहासावर बोलायला आलेला माणूस कुंडी घेऊन का आला? तर मला नावांबद्दल बोलायचं आहे. आणि नावं कशी बदलतात हे इस्लापूरच्या माणसाला सांगायची गरज पडू नये. १९५६ सालचा राज्य पुनर्रचना कायदा कधी मिळाला तर वाचा. त्यात आपल्या गावाचं नाव आहे. हैदराबाद राज्याचा कोणता मुलूख कुठे जाणार हे सांगताना त्यात म्हटलं आहे की आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका हे मुंबई राज्यात जातील. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी इस्लापूरचा माणूस उठला तेव्हा त्याचं राज्य बदललेलं होतं. त्याआधी १७ सप्टेंबर १९४८ ला निझामाची राजवट संपलेली होती, आणि पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत पत्ता तीनदा बदलला. तिकडे बोथ आंध्र प्रदेशात गेलं आणि २०१४ साली तेलंगणात. ज्या बोथशी आपला कागदोपत्री संसार होता, ते आता दुसऱ्या राज्यात आहे. या सगळ्यात गाव मात्र वीतभरही हललं नाही. सहस्रकुंडाचा धबधबा जिथे पडत होता तिथेच पडतो आहे.

या झाडाचंही तसंच झालं आहे. जागा बदलल्या, नावं बदलली, आणि प्रत्येक नावाने त्याच्याकडून वेगळं काम मागितलं. झाडाने मात्र आपला स्वभाव सोडला नाही. ही नावं मी एकेक करून घेणार आहे. शेवटचं नाव फार गोड आहे आणि त्याच्यामुळे माणसाच्या जिवाला धोका होऊ शकतो. खरं म्हणजे त्याच्यासाठीच मी आज आलो आहे.

पहिलं नाव, मूर्वा

संस्कृतात धनुष्याच्या दोरीला ‘मौर्वी’ म्हणतात. मौर्वी म्हणजे मूर्वेपासून केलेली. मूर्वा ही धाग्याची वनस्पती. मनुस्मृतीत मुंजीच्या वेळी कमरेला बांधायच्या मेखलेचे नियम आहेत. ब्राह्मणाची मुंज गवताची, क्षत्रियाची मूर्वेची, वैश्याची तागाची. एका दोरीतसुद्धा वर्ण घालून ठेवला होता बघा. आणि ज्यांच्या हातांनी दोऱ्या वळल्या जात, त्यांचं नाव त्या यादीत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

ही मूर्वा नेमकी कोणती, यावर वैद्यांचं एकमत नाही. आपल्या महाराष्ट्रात मोरवेलीला मूर्वा समजतात. ती वेल आहे, पांढऱ्या फुलांची. बंगालकडे मात्र मूर्वा म्हणजे या कुंडीतल्या झाडाची भारतीय बहीण. तीही अशीच, बिनखोडाची, जमिनीतून सरळ वर आलेल्या जाड पानांची, पण अंगाने बुटकी. पूर्व किनाऱ्याकडे ती रानात आपोआप उगवते. तिची पानं ठेचून, खरवडून, धुतली की आतून पांढरा, रेशमासारखा, चिवट धागा निघतो. इंग्रजांनी या जातीच्या सगळ्याच झाडांना जे व्यापारी नाव दिलं त्याचा अर्थच ‘धनुष्याच्या दोरीचा ताग’ असा होतो.

तेव्हा पहिल्या नावाने झाडाकडे धागा मागितला. आणि तो झाडात होता. हे नाव खोटं नव्हतं.

दुसरं नाव, लॅटिनमधलं

अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विल्यम रॉक्सबर्ग नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर होता. तो सामलकोटला राहायचा. सामलकोट कुठे, तर काकीनाड्याजवळ. आपल्या नांदेडवरून गेलेली गोदावरी ज्या भागात समुद्राला मिळते, तो हा भाग. आपल्या सहस्रकुंडाचं पाणीसुद्धा पैनगंगेतून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत आणि तिथून गोदावरीत जाऊन शेवटी तिकडेच पोचतं. तर हा रॉक्सबर्ग तिथल्या झाडांची चित्रं इथल्याच चित्रकारांकडून काढून घेई, त्यांचे उपयोग लिहून घेई आणि तेलुगू नावंही टिपून ठेवी. या झाडाचं जे तेलुगू नाव त्याने टिपलं त्यात शेवटी ‘नार’ आहे. तेलुगूत नार म्हणजे धागा, हे आपल्या सीमेवरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. १७९३ मध्ये तो कलकत्त्याच्या कंपनी बागेचा प्रमुख झाला. पुढे १८२९ साली युरोपातल्या शुल्टेस बाप-लेकांनी आपल्या या भारतीय जातीला त्याचंच नाव दिलं.

कंपनीला झाडांचं एवढं वेड का होतं? जहाजं. शिडाच्या जहाजाला मैल मैल दोरखंड लागायचे. ताग, अंबाडी, घायपात, मूर्वा, जे दिसेल त्याचा धागा काढून, वजन टांगून, किती ताकदीचा आहे ते मोजलं जायचं. वनस्पतिशास्त्राच्या त्या देखण्या पुस्तकांमागे दोरखंडाचा हिशेब होता.

‘सॅन्सेव्हिएरिया’ हे घराण्याचं नाव तर मोठं गमतीचं. इटलीतल्या पेटाग्ना नावाच्या शास्त्रज्ञाने १७८७ साली सान्सेव्हेरिनो नावाच्या एका सरदाराच्या सन्मानार्थ एक नाव दिलं. सात वर्षांनी, १७९४ मध्ये, स्वीडनच्या थुनबर्गने थोडं वेगळं स्पेलिंग केलं, आणि ते दुसऱ्याच एका इटालियन राजपुत्राच्या खात्यावर जमा झालं. टिकलं थुनबर्गचं. दोन उमराव, एक झाड. दोघांनीही त्याला कधी पाणी घातलं असेल असं मला वाटत नाही. (हशा)

आता ही टेबलावरची जात बघा. ही भारतातली नाही. ही पश्चिम आफ्रिकेतली, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या पट्ट्यातली. पण तिला आज आपण वापरतो ते शास्त्रीय जातिनाम कुठे मिळालं? बंगालच्या वनस्पतींवरच्या एका पुस्तकात. डेव्हिड प्रेन हा कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख होता. त्याने १९०३ साली ‘बंगाल प्लँट्स’ या ग्रंथात तिला ‘ट्रायफॅसिएटा’ म्हणजे तीन पट्ट्यांची असं नाव दिलं. आफ्रिकेचं झाड, बंगालच्या पुस्तकात बारसं. पुढे तो लंडनजवळच्या क्यू बागेचा संचालक झाला, आणि १९१५ मध्ये त्याच बागेतल्या एन. ई. ब्राऊनने या सगळ्या घराण्याचा मोठा अभ्यास छापला. पानाच्या काठाला ही पिवळी किनार दिसते ना, तो प्रकार काँगोतून एमिल लॉरां या वनस्पतिशास्त्रज्ञाने मिळवला. म्हणून त्याला ‘लॉरेंटी’ म्हणतात. त्या वेळचा काँगो म्हणजे रबरासाठी माणसांचे हात तोडणाऱ्या राजवटीचा काँगो. तिथून बाहेर पडलेलं हे झाड आज दिवाणखान्यात किती निरागस दिसतं!

एवढं होऊन आता ते नावही गेलं. जनुकांची तुलना झाली तेव्हा दिसलं की हे सगळं कुटुंब ‘ड्रॅसिना’च्या वंशवेलीत आतच बसतं. म्हणून २०१७-१८ पासून शास्त्रज्ञ यांना ड्रॅसिना म्हणतात. नर्सरीवाले अजून जुनंच नाव सांगतात. बोथ तालुका जाऊन किनवट आला तरी म्हातारी माणसं बराच काळ जुनाच पत्ता सांगत असणार, तसंच हे.

तिसरं नाव, घराघरातलं: सासूची जीभ

दोरखंडाचं झाड घरात कसं आलं? एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने काचेची बंद पेटी केली. त्या पेटीत ठेवलेलं रोप समुद्रावरचे महिने सहन करायचं. चीनमधला चहा त्याच पेट्यांतून भारतात आला. जगभरची झाडं युरोपात गेली आणि तिथल्या घरांत शिरली. पण ती घरं अंधारी, दिव्यांचा धूर, हिवाळ्यात शेगडीची कोरडी हवा. नाजूक झाडं मरायची. ज्यांना उपेक्षा सोसते तीच टिकायची. हे झाड टिकलं. १९३९ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या एका नर्सरीत याचा बुटका, पाकळ्यांसारखा पसरणारा प्रकार सापडला आणि १९४१ साली त्याचं पेटंटसुद्धा घेतलं गेलं. त्याच सुमारास जपानने फिलिपाइन्स घेतलं, अमेरिकन नौदलाचा दोरखंडाचा कच्चा माल बंद झाला, आणि फ्लोरिडात याच झाडाच्या धाग्यावर पुन्हा प्रयोग सुरू झाले. म्हणजे एकाच वेळी ते कुंडीतली शोभाही होतं आणि युद्धाचा मालही. नायलॉन आलं आणि दुसरं काम संपलं.

पान लांब, टोकदार आणि धारदार दिसतं म्हणून सासूची जीभ. नाव इंग्रजीतून आलं, आपल्याकडे लगेच रुळलं, कारण सासूवर विनोद करायला कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या घरात हे झाड लावलं माझ्या आईने, म्हणजे माझ्या बायकोच्या सासूने. आणि आता त्याला पाणी घालते तिची सून. दोघींचं त्यावरून कधी भांडण झालं नाही. जे झालं ते माझ्यामुळे, मी जास्त पाणी घातल्यामुळे. (हशा)

पण इथे जरा थांबून मघाचा धागा उचलतो. नायलॉनने एक काम संपवलं असं मी सहज बोलून गेलो. ते काम कोणाचं होतं?

आपल्या मराठवाड्यात दोर वळायचं काम मातंग समाजाकडे होतं. अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात कुजत घालायच्या, त्या वासात उभं राहून साल सोलायची, धुवायची, वाळवायची. बांधावरच्या केकताडाची पानं ठेचून वाख काढायचा. मग पीळ द्यायचा. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, गाईचं दावं, चऱ्हाट, पोळ्याला नवी वेसण. गावाचं एकही जनावर, एकही विहीर त्या दोराशिवाय चालत नव्हती. आणि तो दोर वळणाऱ्याला मिळायचं सुगीतलं बलुतं, आणि गावकुसाबाहेरची जागा. मोटेच्या जागी मोटार आली, कासऱ्याच्या जागी नायलॉनचा दोर आला. बलुतं गेलं ते बरंच झालं, त्यात अपमान होता. पण त्याबरोबर हातातलं ज्ञान गेलं, आणि त्याचा मोबदला कोणी दिला नाही. कोणत्या महिन्यात कापलेल्या पानाचा वाख चिवट, किती दिवस भिजवलं तर सुटतं आणि किती दिवसांनी सडतं, हे सगळं ज्ञान होतं. रॉक्सबर्गने जे टिपलं ते शास्त्र झालं. आपल्या गावातल्या माणसाला जे येत होतं त्याला आपण जातीचं काम म्हटलं. तुमच्या घरी, शेजारी असे हात अजून असतील. सत्तर-पंच्याहत्तरीचे असतील. त्यांच्यापाशी बसा आणि लिहून घ्या. ही माझी आजची पहिली विनंती.

चौथं नाव, स्नेक प्लांट

पानावरचे आडवे पट्टे सापाच्या अंगासारखे, म्हणून हे नाव. एवढंच. पण नावातून समजूत निघते. हे झाड दारात असलं की साप येत नाही, असं मला किनवटच्या बाजारात एकाने छातीठोकपणे सांगितलं. मंडळी, आपण जंगलाच्या कडेला राहतो. कापसात, सोयाबीनमध्ये, पावसाळ्यात रात्री पाणी बघायला जाणारी माणसं आपल्यातच आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यात बहुतेक खेड्यातली.

सापाला या झाडाचं काही वाटत नाही. उलट कुंड्यांची गर्दी, खाली ओल, आडोसा, बेडूक आणि उंदीर असले तर तो तिथेच येऊन बसेल. साप नको असेल तर दारातली अडगळ हटवा, जळतण भिंतीपासून दूर ठेवा, रात्री बॅटरी आणि पायात बूट घाला. आणि दंश झालाच तर या पानाचा रस नको, दुसऱ्याही कशाचा रस नको. अवयव हलवू न देता सरळ दवाखाना, जिथे प्रतिविष आहे तिथे. नावात साप आहे म्हणून झाडाकडून औषध मागू नका.

पाचवं नाव, ऑक्सिजनचं झाड

आता ज्यासाठी आलो ते.

१९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या वॉल्व्हर्टन यांनी एक अहवाल दिला. छोट्या हवाबंद पेट्यांत कुंड्या ठेवल्या, त्यात बेंझीन, फॉर्मल्डिहाइडसारखे वायू सोडले, आणि ते किती कमी होतात ते मोजलं. त्यात हे झाड होतं. पेटीत वायू कमी झाले, हे खरं. पुढे २००९ मध्ये दिल्लीच्या कमल मीट्टल यांचं एक छोटं भाषण जगभर गाजलं. घरात हवा तयार करायला तीन झाडं, त्यात हे रात्रीसाठी. तेव्हापासून नर्सरीत पाटी लागली: रात्री ऑक्सिजन देणारं झाड.

पण आपलं घर म्हणजे हवाबंद पेटी नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी आधीचे सगळे प्रयोग एकत्र घेऊन हिशेब मांडला. साध्या घरात हवा आत-बाहेर होऊन जेवढी स्वच्छ होते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. म्हणजे मग झोपायचं अंगणात. (हशा)

आणि रात्रीचा ऑक्सिजन? ही गोष्ट नीट समजून घ्या, अवघड नाही. बहुतेक झाडं दिवसा पानावरची बारीक छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. कोरड्या मुलखातल्या झाडाने भर उन्हात छिद्रं उघडली तर अंगातलं पाणीच उडून जाईल. म्हणून हे झाड छिद्रं रात्री उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. दिवसा छिद्रं मिटून, उजेडात, त्याचं अन्न करतं. याची एक जुनी खूणसुद्धा आपल्याकडेच सापडली. रॉक्सबर्गनंतर सामलकोटची बाग सांभाळणारा बेंजामिन हाइन याने लिहून ठेवलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. ते १८१५ साली लंडनला छापलं गेलं. तुमच्या परसातली पानफुटी, तीच ही युक्ती करते.

आता विचार करा. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडात, पाण्याचं विघटन होऊन. रात्री उजेड नाही. मग हे झाड रात्री ऑक्सिजन तयार कुठून करणार? ते रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं, एवढंच खरं आहे. ‘घेतं’ याचं ‘देतं’ केलं, आणि पाटी रंगवली.

शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन लागतो. चार कुंड्या त्याच्या जवळपासही जात नाहीत, दिवसासुद्धा.

२०२१ चा एप्रिल-मे तुम्ही विसरला नसाल. सिलिंडर मिळत नव्हते. माझ्या ओळखीच्या एका घरात आजी आजारी होत्या. धाप लागत होती. मुलगा शहाणा, शिकलेला. त्याने कुठून तरी महागाच्या चार कुंड्या आणल्या आणि खाटेच्या चारी बाजूंना ठेवल्या. आणि खिडक्या बंद केल्या. का, तर ऑक्सिजन बाहेर जाऊ नये म्हणून. ज्या आजारात खिडक्या उघडा म्हणून सगळे कानीकपाळी ओरडत होते, त्या आजारात. दवाखान्यात न्यायला दोन दिवस उशीर झाला. आजी वाचल्या, पण नशिबाने. मी दारात उभं राहून त्या कुंड्या पाहिल्या होत्या. काही बोललो नाही. कारण तेव्हा मलाही ते खरंच वाटत होतं. तेव्हापासून या झाडाचा इतिहास शोधायला लागलो.

मला त्या मुलाला दोष द्यायचा नाही. माणूस घाबरलेला असतो तेव्हा नावावर विश्वास ठेवतो. म्हणून नावं देणाऱ्यांनी आणि ती पुढे पाठवणाऱ्यांनी जपून राहायला हवं. मोबाइलवर आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा: हे नाव झाडाने कमावलं आहे, की कोणीतरी विकायला चिकटवलं आहे?

मग हे झाड ठेवायचं की नाही?

अवश्य ठेवा. देखणं आहे, शांत आहे, कमीत कमी मागतं. त्याला काय हवं ते त्याच्या इतिहासातच लिहिलेलं आहे. जाड पान म्हणजे पाण्याची टाकी. रात्री उघडणारी छिद्रं म्हणजे पाण्याची काटकसर. याला मारायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे प्रेमाने रोज पाणी घालणं.

आपली काळी माती कुंडीला चालत नाही. ती पाणी धरून बसते आणि वाळली की तडकते. एक भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, असं मिसळा. कुंडी मातीची बरी, तळाला भोक हवंच. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. आपल्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांनी पुरतं. पावसाळ्यात वळचणीखालून कुंडी आत घ्या. पान बुडाशी पिवळं, मऊ पडून आडवं झालं तर समजा मुळं सडली. लगेच उपटा, सडका भाग कापा, दोन-तीन दिवस सुकवा, कोरड्या मातीत लावा.

अंधाऱ्या कोपऱ्यात ते मरत नाही, पण वाढतही नाही. न मरणं आणि जगणं यात फरक आहे. ओसरीचा, खिडकीचा उजेड द्या. मात्र मे महिन्यातलं आपलं दुपारचं ऊन नको, पानावर भाजल्याचे डाग पडतात. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसा. आणि लहान मुलं, वासरं, कुत्री-मांजरं यांनी पान चघळू नये एवढं बघा. त्यात फेस येणारं द्रव्य असतं, उलट्या होतात.

रोप विकत घ्यायची गरज नाही. पानाचे चार बोटांचे तुकडे करा, खालची बाजू कोणती त्याची खूण ठेवा, तीन-चार दिवस सुकवा आणि वाळूत उभे करा. दोनेक महिन्यांत मुळं धरतात. उलटं लावलं तर धरत नाही. पण पिवळ्या किनारीच्या पानाच्या तुकड्यापासून आलेलं पिल्लू हिरवंच निघतं, किनार येत नाही. किनार हवी असेल तर जमिनीतला गड्डा वेगळा करून लावावा लागतो. म्हणजे पान कापून झाड वाढेल, पण तिची ओळख हवी असेल तर मुळासकट घ्यावी लागते. इतिहास शिकवणाऱ्याला याहून वेगळं काही सांगायचं नसतं.

माझ्या कुंडीत यंदा तीन पिल्लं आली आहेत. ज्यांना हवी त्यांनी कार्यक्रमानंतर भेटा. फक्त एक अट आहे. घेणाऱ्याने आपल्या गल्लीतल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं, अंबाडीचा दोर कसा वळतात. उत्तर वहीत लिहून मला दाखवायचं. मग पिल्लू तुमचं.